ओशावा, १९७९ : प्रेक्षकांतून टिपलेला आवाज

स्मरणिकेसाठी लेख हवा, पण तो ‘माझं करिअर’ या विषयावर नको, असं संपादक मंडळाने बजावल्याबद्दल आधी त्यांचे आभार. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर त्याविषयी सांगण्यासारखं जे उरतं ते ऐकून घरच्यांनाही जांभया येतात. म्हणून छंदाविषयी लिहिते. मी जुन्या रॉक कार्यक्रमांची रेकॉर्डिंग गोळा करते. दुकानात मिळतात ती नव्हेत. श्रोत्यांपैकीच कुणीतरी कोटाच्या आत रेकॉर्डर लपवून केलेली, खरखरणारी, मध्येच खोकल्याचा आवाज येणारी. आपल्या इतिहासाच्या बाई कुठल्याही उत्तरावर ‘याला साधन काय?’ असं विचारायच्या, ते आठवत असेल. हा लेख एका अशाच साधनाबद्दल आहे.

गोष्ट रोलिंग स्टोन्सची. बँड लंडनचा, पहिला कार्यक्रम जुलै १९६२मध्ये. आपल्यापैकी काहीजण एप्रिल २००३मध्ये मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांना ऐकायला गेले होते, त्यांना वेगळी ओळख नको. पण मी सांगते आहे तो प्रसंग त्याआधीचा आणि कॅनडातला आहे.

२७ फेब्रुवारी १९७७ रोजी टोरांटोच्या एका हॉटेलात पोलिसांनी बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याला हेरॉइनसह पकडलं. विक्रीच्या हेतूने बाळगल्याचा आरोप सिद्ध झाला असता तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकली असती. म्हणजे बँडच संपला असता. आणि त्याच आठवड्यात, ४ आणि ५ मार्चला, बँडने टोरांटोच्या स्पॅडाइना अॅव्हेन्यूवरच्या ‘एल मोकॅम्बो’ नावाच्या छोट्या क्लबमध्ये दोन रात्री वाजवलं. जेमतेम तीनशे माणसं मावतील एवढी जागा. बाहेर जाहिरात ‘एप्रिल वाइन’ या कॅनडातल्या बँडची होती, जोडीला ‘द कॉक्रोचेस’ असं एक नाव. रेडिओच्या स्पर्धेत तिकिटं जिंकून आलेल्या लोकांना आत आल्यावर कळलं की ही झुरळं म्हणजे कोण. वर्तमानपत्रांना मात्र गाण्यापेक्षा पंतप्रधान त्रूदो यांची पत्नी तिथे आली होती याचंच जास्त कौतुक.

हा कार्यक्रम बँडने स्वतः रेकॉर्ड केला. एडी क्रेमरसारखा नावाजलेला ध्वनितंत्रज्ञ, अनेक ट्रॅकची यंत्रं, सगळं व्यवस्थित. त्यातली चार गाणी १९७७च्या ‘लव्ह यू लाइव्ह’ या अल्बमच्या तिसऱ्या बाजूवर आली. बाकीचं कपाटात गेलं, ते पूर्ण स्वरूपात बाहेर आलं मे २०२२मध्ये. पंचेचाळीस वर्षांनी! त्या तीनशेंमधले किती जण तोवर हयात होते कोण जाणे.

खटला उभा राहिला ऑक्टोबर १९७८मध्ये. विक्रीचा आरोप सोडला गेला, रिचर्ड्सने हेरॉइन बाळगल्याचा गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी त्याला तुरुंगात न पाठवता वर्षभर देखरेखीखाली ठेवलं आणि एक अट घातली. कॅनडातल्या दृष्टिहीनांच्या राष्ट्रीय संस्थेसाठी सहा महिन्यांच्या आत एक कार्यक्रम करायचा. ही अट का सुचली असावी याची एक हकीकत रिचर्ड्सने आत्मचरित्रात दिली आहे. एक अंध तरुणी मिळेल त्या गाडीने बँडमागे गावोगाव फिरायची, रिचर्ड्स तिला सुखरूप पोचवण्याची सोय करायचा, आणि तिने न्यायाधीशांना जाऊन हे सांगितलं. आरोपीनेच सांगितलेली गोष्ट आहे, तेवढं मीठ लावून घ्यावी. पण अट तीच होती, हे खरं.

तो कार्यक्रम झाला २२ एप्रिल १९७९ रोजी, टोरांटोजवळच्या ओशावा गावात, सिव्हिक ऑडिटोरियममध्ये. नाव ऑडिटोरियम असलं तरी ते बर्फावरच्या हॉकीचं बंदिस्त मैदान होतं. माणसं साधारण पाच हजार. पाच हजार हा आकडा आपल्याला मोठा वाटेल, पण आदल्या जुलैत याच बँडने न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये ऐंशी हजारांसमोर वाजवलं होतं. शिवाय जुलै १९७८ ते सप्टेंबर १९८१ या तीन वर्षांहून अधिक काळात स्टोन्सने लोकांसमोर कार्यक्रम केला तो एवढाच. एका दिवसात दोन प्रयोग. आधी रॉनी वूड आणि रिचर्ड्स यांचा ‘न्यू बार्बेरियन्स’ हा संच, मग पूर्ण बँड. तिकिटांचा एक हिस्सा अंध श्रोत्यांसाठी मोफत राखलेला होता.

त्याची श्रोत्यांनी केलेली रेकॉर्डिंग चाहत्यांमध्ये फिरत राहिली, ‘ब्लाइंड डेट’ नावाच्या चोरट्या तबकडीवरही आली. सुरुवातीला जॅगर आणि रिचर्ड्स दोघंच, साध्या गिटारीवर एक जुनं ब्लूज गाणं गातात. मग बाकीचे येतात, आवाज एकदम फुगतो, आणि ज्याच्या हातात रेकॉर्डर आहे त्याच्या आजूबाजूची माणसं ओरडायला लागतात. हे ओरडणं मला फार मोलाचं वाटतं. अधिकृत अल्बमवर टाळ्या असतात, पण त्या दूरच्या, गुळगुळीत, मिक्सिंगच्या टेबलावर कमीजास्त केलेल्या. इथे गर्दी शेजारच्या खुर्चीतून सुरू होते. आणि त्या सभागृहातल्या बऱ्याच श्रोत्यांपर्यंत कार्यक्रम फक्त आवाजाच्या रूपात पोचत होता. चित्र नसलेलं, एका खुर्चीतून ऐकलेलं रेकॉर्डिंग त्यांच्या त्या संध्याकाळीच्या जितकं जवळ जातं तितका कुठलाही व्हिडिओ जाणार नाही.

आता थोडं यंत्राविषयी. अभियांत्रिकीची पदवी कुठेतरी दाखवायला हवीच. स्टेडियममध्ये श्रोत्याला सगळं लाउडस्पीकरमधून ऐकू येतं. लहान जागेत तसं नसतं. ड्रम आणि गिटारचे अॅम्प्लिफायर मंचावरून थेट कानावर आदळतात, गाणाऱ्याचा आवाज तेवढा स्पीकरमधून येतो. त्यामुळे रेकॉर्डर कुठे आहे यावर सगळं ठरतं. भिंतीजवळ बसलात तर खर्ज गोळा होतो. मायक्रोफोन माणसांच्या डोक्यांखाली असेल तर वरच्या पट्टीतले आवाज अंगाकपड्यांत जिरतात. साध्या कॅसेट रेकॉर्डरमध्ये पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असतं. कुणी जोरात टाळ्या वाजवल्या की ते घाबरून सगळाच आवाज खाली ओढतं, आणि टाळ्या थांबल्यावर गाणं हळूहळू वर येतं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळिसाव्या मिनिटाला संपते, मग गाणं कितीही रंगात असो. बॅटरी उतरली की टेप हळू फिरते, आणि नंतर नेहमीच्या गतीने वाजवली तर गायक चढ्या सुरात घाई करतो आहे असं वाटतं.

हे दुरुस्त करायची एक युक्ती मला फार आवडते. मंचावरच्या अॅम्प्लिफायरमधून विजेची बारीक गुणगुण येते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, कॅनडात ६०ची. टेपवर ती गुणगुण सापडली आणि ६२ भरली, तर टेप किती वेगाने वाजते आहे ते लगेच कळतं. गाण्याचा सूर कलाकार बदलू शकतो, वीजमंडळ शक्यतो बदलत नाही. (आपल्या गावच्या वीजमंडळाविषयी मी बोलत नाहीये.)

हे लोक असा उद्योग का करत असतील? पैशासाठी, असं पटकन वाटतं, आणि काहींच्या बाबतीत ते खरंही आहे. नोव्हेंबर १९६९मध्ये ओकलंडच्या स्टोन्सच्या कार्यक्रमात एकाने लांबचा आवाज पकडणारा सेनहायझरचा मायक्रोफोन आणि ऊहर कंपनीचा टेप रेकॉर्डर आत नेला, आणि महिन्याभरात त्याची तबकडी विकायला आली. पुढच्या वर्षी बँडने स्वतःचा लाइव्ह अल्बम काढला, त्यामागे हीही एक टोचणी होती. याउलट न्यूयॉर्कच्या ‘मॅक्सेस कॅन्सस सिटी’मध्ये २३ ऑगस्ट १९७०च्या रात्री ब्रिजिड बर्लिन या बाईंनी टेबलावर साधा कॅसेट रेकॉर्डर ठेवून ‘व्हेल्वेट अंडरग्राउंड’चा कार्यक्रम टिपला. त्यांना सगळंच टेप करायची सवय होती. गायक लू रीडची बँडमधली ती शेवटची रात्र ठरली. १९७२मध्ये तीच कॅसेट अल्बम म्हणून निघाली, दोन गाण्यांमध्ये शेजारी कुणी पेय मागवतो आहे तेही तसंच ठेवून. ‘ग्रेटफुल डेड’ने तर १९८४पासून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना सभागृहात वेगळी जागाच दिली. एकमेकांना फुकट द्या, विकू नका, एवढीच अपेक्षा.

चोरी की जतन, यावर आमच्या घरी वाद होतो. माझं मत सरळ आहे. विकणं ही चोरी, त्यात कलाकाराचा हक्क बुडतो. पण बाहेर कधीच न आलेला कार्यक्रम टिपून ठेवणं आणि कुणाला ऐकायला देणं मला चोरी वाटत नाही, कायदा काहीही म्हणो. आपल्याकडे खासगी बैठकींतल्या गाण्याचं रेकॉर्डिंग रसिकांनी केलं नसतं तर कितीतरी राग केवळ आठवणीत राहिले असते, आणि आठवणीवर बाईंनी गुण दिले नसते.

अलीकडे वारं उलटं आहे. एप्रिल २०१३मध्ये स्टोन्सने लॉस एंजेलिसच्या ‘एकोप्लेक्स’ या छोट्या क्लबमध्ये अचानक कार्यक्रम केला. वीस डॉलरचं तिकीट, पैसे रोख, माणशी एकच, आणि फोन-कॅमेरा आत न्यायला बंदी. बॉब डिलनच्या कार्यक्रमांत आता फोन कुलूपबंद पिशवीत ठेवावा लागतो. शेकडो उजळलेल्या पडद्यांमधून मंच बघायचा कंटाळा मलाही आहे, त्यामुळे बंदी समजू शकते. तरी तिचा एक अर्थ असाही आहे की त्या रात्रीचं कपाट पुन्हा एकाच मालकाकडे राहणार.

आता स्मरणिकेपुरतं, एक कामाची विनंती. आपल्या दहावीच्या वर्षीचं, म्हणजे १९९५च्या डिसेंबरचं गॅदरिंग दोन-तीन पालकांनी टेप रेकॉर्डरवर घेतलं होतं. संगीताच्या सरांनी शेवटी मंचावर येऊन गायलेलं नाट्यगीत त्यात नक्की असणार. शाळेकडे ते नाही, मी चौकशी केली आहे. सर आता नाहीत. कुणाच्या माळ्यावर ती कॅसेट असेल तर कृपया लगेच वाजवून बघू नका. बुरशी असेल तर टेप चिकटून तुटते. कोरड्या जागी, स्पीकर आणि लोहचुंबकापासून दूर ठेवा, आणि संमेलनाला घेऊन या. मी स्वच्छ केलेला डेक आणि लॅपटॉप आणणार आहे, मागच्या वर्गात बसून उतरवून घेऊ. मध्ये कुणी खोकत असेल, पोरं शिट्ट्या मारत असतील, तर ते मी पुसणार नाही. शिट्ट्या कुणाच्या हे आपल्याला ओळखता येईलच.