वारसा, मृत्युपत्र आणि धर्मादाय : एक ऐतिहासिक मागोवा

मनुष्य जन्मभर कष्टून जे मिळवितो ते त्याच्या पश्चात् कोणाकडे जावे, हा प्रश्न मालमत्तेइतकाच जुना आहे. आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेतून कुलवृत्तान्त, देवस्थाने व गुणवंत विद्यार्थी यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. या प्रश्नाचा इतिहास मात्र त्यात आमच्या पाहण्यात आला नाही. तो संक्षेपाने सांगण्याचा हा अल्प यत्न आहे.

आपल्याकडील वारसाविचाराचे मूळ याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' या टीकेत आहे. चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य याच्या कारकीर्दीत, कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण येथे, विज्ञानेश्वराने ती रचिली. वडिलार्जित मिळकतीत पुत्राला जन्मतःच हक्क प्राप्त होतो, हा तिचा मुख्य सिद्धान्त. बंगालात जीमूतवाहनाच्या 'दायभागा'चे प्रामाण्य होते. तेथे हा हक्क पित्याच्या मृत्यूनंतरच उत्पन्न होई. सतराव्या शतकात नीलकंठभट्टाने 'व्यवहारमयूख' लिहिला व गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे त्याला विशेष मान मिळाला. मयूखाने बहिणीलाही वारसांत स्थान दिले. मुंबई इलाख्यात वारशाने मिळकत आलेली कन्या तिची पूर्ण मालक होई. इतर बहुतेक प्रांतांत तिला हयातीपुरताच उपभोग मिळे. तथापि पुत्र व विधवा असता तिचा क्रम लागतच नसे, हेही विसरता कामा नये.

अशा व्यवस्थेत मृत्युपत्राला जागा कोठून असणार? धर्मशास्त्रात दान आहे, विभाग आहे, दत्तक आहे. आजच्या अर्थाचे मृत्युपत्र नाही. निपुत्रिकाला आपले घर पुढे चालविण्याचा राजमार्ग म्हणजे दत्तविधान. त्या मार्गावर परकीय सत्तेने कसा अडसर घातला हे सर्वश्रुत आहे. साताऱ्याचे शहाजी उर्फ अप्पासाहेब महाराज यांनी १८४८ साली मृत्युसमयी दत्तक घेतला. झाशीच्या गंगाधररावांनी १८५३ साली निधनाच्या आदल्या दिवशी घेतला. डलहौसीने दोन्ही दत्तके राज्यापुरती अमान्य केली व दोन्ही संस्थाने खालसा झाली.

मृत्युपत्राची चाल इंग्रजी न्यायालयांच्या आश्रयाने वाढली. १८७० च्या हिंदू विल्स कायद्याने बंगाल प्रांत आणि मद्रास व मुंबई या शहरांतील हिंदूंच्या मृत्युपत्रांना नियम घालून दिले. त्याच सुमारास कलकत्त्याचा टागोर खटला गाजला. प्रसन्नकुमार टागोर यांनी ख्रिस्ती झालेल्या आपल्या पुत्रास वगळून, इस्टेट पुढील पिढ्यांतही केवळ पुरुषवंशातच जावी असे लिहून ठेविले होते. १८७२ साली प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, जो अद्याप जन्मलाच नाही त्याला देणगी देता येत नाही, आणि शास्त्राला अज्ञात असा वारसाक्रम कोणा एकाला निर्माण करता येत नाही. म्हणजे आपल्या धनाची वाट दाखविण्यास मनुष्य मोकळा आहे, परंतु मेल्यानंतर पिढ्यानपिढ्या राज्य करण्यास मोकळा नाही. पुढे १९२५ चा भारतीय वारसा कायदा आला आणि १ जानेवारी १९२७ पासून हिंदूचे मृत्युपत्र लेखी, सहीचे व दोन साक्षीदारांचे असणे आवश्यक ठरले.

स्त्रियांच्या हक्काचा इतिहास याहून संथ आहे. मुंबईच्या डॉ. देशमुख यांच्या प्रयत्नाने १९३७ साली विधवेला पतीच्या मिळकतीत हिस्सा मिळाला, पण तो हयातीपुरताच. हिंदू कोड बिल रखडले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपदाचा त्याग केला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पुत्र, कन्या, विधवा व माता यांना मृताच्या मिळकतीत सारखे वारस ठरविले. महाराष्ट्राने १९९४ साली अविवाहित कन्येला जन्मतः सहदायाद केले. २००५ च्या दुरुस्तीने विवाहितेलाही तो हक्क दिला. आणि ९ सप्टेंबर २००५ रोजी पिता हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. विज्ञानेश्वराने पुत्राला दिलेला जन्मसिद्ध हक्क कन्येपर्यंत पोहोचण्यास नऊ शतके लागली!

येथे आम्हांस स्वतःचा एक दोष सांगणे प्राप्त आहे. आमचे वडील १९९१ साली निवर्तले. मृत्युपत्र नव्हते. आम्ही बंधूंनी धाकट्या भगिनीस बोलावून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली, साडीचोळी केली आणि फेरफार नोंदवून घेतला. तिने काही विचारले नाही. आम्हीही काही समजावून सांगितले नाही. शाळेत मुलांना नागरिकशास्त्र आम्हीच शिकवीत होतो. पुढे तिच्यावर वैधव्याचा प्रसंग आला, तेव्हा आम्ही तिला साहाय्य केले आणि लोकांनी आमची वाखाणणी केली. जे तिचे होते तेच आम्ही तिला उपकार म्हणून दिले, ही जाणीव आम्हांस फार उशिरा झाली. हक्कसोडपत्र कायदेशीर असते. ते न्याय्य असतेच असे नाही.

आता धर्मादायाकडे वळू. खाजगी न्यासासाठी १८८२ चा कायदा आहे; सार्वजनिक न्यासांसाठी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० साली झाला. त्यामुळे न्यासाची नोंदणी, हिशेबतपासणी व धर्मादाय आयुक्तांची देखरेख आली, आणि त्यांच्या पूर्वपरवानगीवाचून न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास बंदी झाली. परंतु कायद्याचे हे छत्र जे न्यासाच्या नावे झाले त्यालाच लाभते. आमच्या माहितीतील एका ज्ञातिगृहस्थांनी भरसभेत आपले घर विद्यार्थी-वसतिगृहास देण्याचे घोषित केले. टाळ्या झाल्या, हार घातले गेले, फलकही रंगविला गेला. बक्षीसपत्राची नोंदणी मात्र 'सवडीने करू' म्हणून राहिली. दोन वर्षांत ते गृहस्थ वारले आणि पुत्रांनी घर देण्यास नकार दिला. कायद्याने पुत्रांचे चुकले नव्हते, कारण स्थावराचे दान नोंदलेल्या दस्ताशिवाय पूर्ण होत नाही. चुकले ते आम्हा सभासदांचे. हार आणण्याची जी तत्परता आम्ही दाखविली ती दस्तासाठी दाखविली नाही.

मृत्युपत्राचे नाव काढणे अशुभ, असा समज आपल्या घरांतून अद्याप आहे. साध्या कागदावर, शुद्ध बुद्धीने, दोन साक्षीदारांसमक्ष केलेले मृत्युपत्र पुरेसे होते. त्याची नोंदणी सक्तीची नाही, तथापि ती केलेली बरी. ते लिहिताना कन्येचे नाव गाळले जाऊ नये आणि ज्ञातिसंस्थेस काही द्यावयाचे असेल तर ते हयातीतच दस्ताने द्यावे, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती. पूर्वजांनी धन ठेविले, त्याची वाटणी आपण केली. पुढच्यांसाठी निदान भांडण तरी ठेवू नये. इत्यलम्.