दुष्काळी मुलूख, मोकळं आभाळ

दौंडहून सोलापूरकडे जाणारी गाडी भिगवण मागे टाकून पुढे गेली की काही वेळानं जेऊर लागतं. करमाळा तालुक्यातलं हे स्टेशन बहुतेक प्रवाशांच्या खिजगणतीतही नसतं. जानेवारी १८९८ मध्ये मात्र कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल इथल्या माळावर तळ ठोकून होते. त्यांच्या सामानात ४० फूट नाभीय अंतराचा अगडबंब कॅमेरा होता. जपानचीही एक तुकडी आली होती. आणि पुण्याहून आले होते कावसजी दादाभाई नेगामवाला. २२ जानेवारीचं खग्रास सूर्यग्रहण गाठण्यासाठी ही सगळी यातायात.

पुण्यात सूर्य पूर्ण झाकला जाणार नव्हता. चंद्राच्या सावलीचा पट्टा कोकणात विजयदुर्गाजवळून देशावर चढून ईशान्येकडे निघाला होता. विजयदुर्गाला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आपली दुर्बीण लावून बसले होते. मग जेऊरच का? एक तर रेल्वे. १८६० मध्ये सोलापूरपर्यंत गाडी सुरू झाली होती आणि १८७८ पासून मनमाडचा फाटा फुटल्यानं दौंड जंक्शन झालं होतं. काचेच्या भिंगांची पेट्यांवर पेट्या रचलेली वरात बैलगाडीतून आणायची तर निम्मी काच वाटेतच फुटली असती. दुसरं कारण जमिनीत नाही, हवेत होतं. सह्याद्री पावसाचे ढग अडवतो म्हणून शिरूर, दौंड, इंदापूर, करमाळा हा सगळा पट्टा पर्जन्यछायेत येतो. इथला शेतकरी ज्या कोरड्या आभाळाला शिव्या घालतो, तेच खगोलशास्त्रज्ञाला हवं असतं.

त्यात काळ तरी कसला! १८९६-९७ चा दुष्काळ नुकता सरलेला, पुण्यात प्लेग ठाण मांडून बसलेला. मृग नक्षत्रावरून वेदांचा काळ ठरवू पाहणारा ‘ओरायन’ ग्रंथ १८९३ मध्ये लिहिणारे टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते.

नेगामवाला पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या ‘सीओईपी’ या अभियांत्रिकी संस्थेत, शिकवत. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून १८८८ मध्ये तिथं उभी राहिलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा त्यांच्याच हाती होती. तिथली २० इंची ग्रब दुर्बीण त्या वेळी देशात सर्वांत मोठी होती.

भर दुपारी जेऊरला साधारण दोन मिनिटं अंधार पडला. तेवढ्यात जे साधायचं ते साधायचं. चुकलं तर पुढच्या ग्रहणासाठी जगाच्या दुसऱ्या टोकाला जायचं. सूर्यप्रभेच्या, म्हणजे करोनाच्या, वर्णपटातल्या हिरव्या रेषेची तरंगलांबी तोवर चुकीची धरली जात होती. १८९८ च्या याच ग्रहणातल्या निरीक्षणांवरून, त्यांत कॅम्पबेल यांचीही होती, ती दुरुस्त झाली. ती रेषा कुठल्या अज्ञात मूलद्रव्याची नसून अतितप्त लोखंडाची आहे, हे कळायला मात्र आणखी चार दशकं गेली. नेगामवालांचा जेऊरचा अहवाल १९०२ मध्ये मुंबईत छापून निघाला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळेला कुलूप लागलं. दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यानं ती जाऊ दिली, ही गोष्ट आजही खटकते.

तरी आभाळाची ओढ उपकरणांवर अडून राहिली नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहून नुसत्या डोळ्यांनी तारे ओळखण्याची गोडी मराठी वाचकाला लावली होती. पुढे २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातली सर्वांत जुनी संस्था मानली जाते.

गावाकडे तर आभाळ वाचायला संस्था लागतच नव्हती. सप्तर्षी म्हणजे म्हातारीचं बाजलं आणि ते पळवणारे तीन चोर. बाजल्याचे चार खूर म्हणजे चौकोनातले चार तारे, शेपटीतले तिघे चोर. मृगाच्या पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि मागे लागलेला व्याध हेही शिरूरच्या पोराला आजीनं दाखवलेले असायचे. गंमत अशी, की मृगाचा पाऊस जूनमध्ये येतो तेव्हा आकाशात मृग दिसतच नाही. पावसाची नक्षत्रं सूर्य कुठे आहे त्यावरून मोजतात, आणि सूर्य मृगात असताना ते तारे उजेडात हरवलेले असतात. ते बघायचे तर हिवाळ्यात, ज्वारीच्या राखणीला जाताना.

आजचं आकाशदर्शन याच हिवाळी मोसमात भरतं. टॉर्चला लाल जिलेटिन गुंडाळायचं, कारण पांढऱ्या उजेडानं अंधाराला सरावलेली नजर पुन्हा आंधळी होते. रांगेत पोरं पुढे आणि त्यांचे आईबाप मागे. पोरांचं बघून झाल्यावर हळूच डोळा लावणारे आईबापच दुर्बिणीपाशी जास्त रेंगाळतात, हा भाग वेगळा.

मुलूख मात्र बदलला. शिरूर तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी, दौंडमध्ये कुरकुंभची, आणि पश्चिमेला पुण्याचा पिवळट उजेड. शिरूरच्या उत्तरेला खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना घेऊन, या दिव्यांना भीत नाही. तिला त्रास रेडिओ लहरींच्या कोलाहलाचा. दर २८ फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान दिनाला, शाळांच्या गाड्या भरभरून तिथं जातात. पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ मध्ये गिरवलीच्या डोंगरावर बसली, तिला मात्र काळोख लागतोच.

काळोख जपायचा मान महाराष्ट्रात आधी मिळाला तो नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला. जानेवारी २०२४ मध्ये तो देशातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. दौंड-शिरूरकडच्या हौशी मंडळींना अजून अमावास्येजवळचा शनिवार, ओळखीच्या शेतकऱ्याचं रान आणि रस्त्यावरचा दिवा तासभर बंद ठेवायला राजी होणारा सरपंच, एवढ्यावरच भागवावं लागतं.