आपल्या जुन्या राज्यातले रहीमसाहेब

मंडळी, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आमचं बेंबळी, अख्ख्या उस्मानाबाद जिल्ह्यासकट (आताचा धाराशिव), हैदराबाद राज्यात होतं. रझाकार, पोलीस अ‍ॅक्शन, मुक्तिसंग्राम हे सगळं ऐकतच आपण मोठे झालो. पण त्याच राज्यातल्या एका शाळामास्तरानं भारतीय फुटबॉल कुठवर नेला, हे आपल्याकडं कुणी फारसं सांगत नाही. २०२४ ला 'मैदान' सिनेमा आला, तेव्हा कुठं सय्यद अब्दुल रहीम हे नाव अनेकांच्या कानावर पडलं.

१९५० ला रहीमसाहेबांनी हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ हाती घेतला. या संघानं मुंबईचा रोव्हर्स कप १९५० ते १९५४ सलग पाच वेळा जिंकला! भारताच्या संघाचेही तेच कोच. १९५१ च्या दिल्ली एशियाडमध्ये इराणला १-० हरवून सुवर्ण. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियानं १०-१ असं धुतलं. आपले काही खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत होते.

याच काळात इंग्लंडचे मॅनेजर होते वॉल्टर विंटरबॉटम (१९४६-६२). तेही मूळचे मास्तरच. पण तिथं संघ निवडायची समिती, आणि हरल्यावर बोलणी खायची मॅनेजरनं! (ऑफिसात जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) रहीमसाहेबांचं बरं होतं. पोलिसांचा संघ त्यांच्याच हातात, त्यामुळं पोरं स्वतः घडवता यायची. फक्त कमजोर पायानं खेळायच्या स्पर्धासुद्धा ते मुलांसाठी घ्यायचे.

१ डिसेंबर १९५६, मेलबर्न ऑलिंपिक. हैदराबाद राज्य मोडून बरोबर महिना झालेला. भारतानं ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, त्यात मुंबईकर नेव्हिल डिसोझाची हॅट्ट्रिक. शेवटी चौथा नंबर आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारत त्यापुढं आजवर गेलेला नाही.

१९६२ चं जकार्ता एशियाड. गटात दक्षिण कोरियाकडून ०-२ हार. फायनलला पुन्हा तेच समोर. डोक्याला टाके पडलेल्या जर्नैलसिंगला, म्हणजे चक्क बचावपटूला, रहीमसाहेबांनी पुढं खेळवलं. एक गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नैलचा. २-१, सुवर्ण. नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ ला, रहीमसाहेब कॅन्सरनं गेले.

राज्याची वाटणी झाली तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि रहीमसाहेब 'तिकडचे' झाले. पण १९५० ते ५६ ही त्यांची वर्षं आपल्याच राज्यातली आहेत की! निजामी जुलूम विसरायचा नाहीच. पण त्या राज्याचा वारसा म्हणून फक्त तोच सांगितला, तर आपलाच हिशेब अर्धा राहतो.