दोन तारांचं घराणं

मुरबाडच्या एमआयडीसीत किंवा शहापूर-आसनगावच्या बाजूला जुन्या कारखान्यांच्या ऑफिसात भिंतीवर ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत एक्स्चेंजची, पेटी असते. तिच्या तारा जोडण्यांसाठीच्या क्रोनच्या पट्टीवर येतात आणि तिथून गेटवर, स्टोअरला, साहेबांच्या टेबलावर जातात. कंपनी आपले फोन इंटरनेटवर न्यायचं ठरवते, तेव्हा ही पेटी आणि सगळे फोन भंगारात काढायचा सल्ला हमखास मिळतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. मध्ये एक गेटवे, म्हणजे जुन्या तारा आणि इंटरनेट यांच्यातला दुभाषा, बसवला की जुना फोन नव्या व्यवस्थेत बोलू लागतो. फोन एक-दोनच असतील तर एटीए नावाची लहान डबी पुरते.

ही डबी आजची असली तरी तिचं कूळ फार जुनं आहे. मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. तेव्हा जोडणी ऑपरेटर हाताने करायचे. १८९१ मध्ये अमेरिकेत आल्मन स्ट्राउजरला आपोआप जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. पुढे एक्स्चेंज आणि फोन यांच्यात एक करार घट्ट झाला. एक्स्चेंजने दोन तारांवर ४८ व्होल्टचा दाब ठेवायचा. रिसीव्हर उचलला की प्रवाह वाहतो आणि कुणीतरी बोलायला आलंय हे एक्स्चेंजला कळतं. घंटेसाठी त्याच तारांवरून जास्त दाबाची, उलटसुलट वाहणारी वीज सोडायची. एक्स्चेंजच्या आतलं यंत्र कितीदा तरी बदललं, हा करार टिकला. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉटने खेड्यांसाठी १२८ लाइनचं, वातानुकूलनाशिवाय चालणारं एक्स्चेंज बनवलं आणि १९८६ मध्ये ते कर्नाटकात कित्तूरला बसलं. त्यानेही ग्राहकाच्या दारात आणल्या त्या याच दोन तारा.

गेटवेचा खरा पूर्वज मात्र व्यापाऱ्यांच्या एका गरजेतून आला. धंदा एका गावात, गिऱ्हाईक दुसऱ्या शहरात, आणि नंबर हवा त्या शहराचा. ही गरज इथल्या माणसाला समजावून सांगायला नको: मुरबाडचा कोड ०२५२४, शहापूरचा ०२५२७, कल्याणचा ०२५१ आणि मुंबईचा ०२२. अमेरिकेत अशा गिऱ्हाइकाला दूरच्या एक्स्चेंजची लाइन ओढून देत. त्या सेवेचं नाव होतं ‘फॉरेन एक्स्चेंज’. लांबच्या लाइनच्या एका टोकाचं यंत्र फोनपुढे एक्स्चेंजची भूमिका करायचं, दुसऱ्या टोकाचं एक्स्चेंजपुढे फोनची. आजच्या गेटवेवर एफएक्सएस आणि एफएक्सओ असे जॅक असतात, ते याच दोन भूमिका करतात. फोन लावायचा तो एफएक्सएसला, बाहेरून आलेली लँडलाइन एफएक्सओला. बसवताना पहिली गफलत इथेच होते.

आवाजाचे आकडे करण्याची रीतही इंटरनेटपेक्षा जुनी आहे. सेकंदाला ८००० वेळा आवाज मोजायचा, हे जी.७११ मानक १९७२ चं. १९९९ मध्ये कॉल जोडण्या-तोडण्याची सिप ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी मार्क स्पेन्सरने अ‍ॅस्टेरिस्क हे मोफत सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. साध्या संगणकाचं एक्स्चेंज होऊ लागलं.

आपल्याकडे अडलं ते कायद्यापाशी. एप्रिल २००२ मध्ये इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली, पण ते बोलणं देशातल्या साध्या टेलिफोनला जोडायला नाही. यंत्र तयार होतं आणि ते वापरायची मुभा नव्हती. परवानाधारक कंपन्यांसाठी ही वाट २०१८ मध्ये मोकळी झाली. आजही शाखांमधलं इंटरनेटवरचं बोलणं आणि बाहेरची लँडलाइन एकत्र करण्याआधी आपल्या टेलिफोन कंपनीला नियम विचारून घ्यावा.

बसवतानाची दुसरी अडचण किरकोळ दिसते, पण त्रास फार देते. समोरच्याने फोन ठेवला तरी लाइन अडकून राहते आणि पुढचे सगळे कॉल एंगेज लागतात. लोक लाइनमनला बोल लावतात. खरं कारण असं की कॉल संपल्याचं गेटवेला बऱ्याचदा एंगेज टोनवरूनच कळतं, आणि परदेशी यंत्रावर टोन बहुतेकदा अमेरिकेचे भरलेले असतात. तिकडचा एंगेज टोन ४८० आणि ६२० हर्ट्झ मिळून होतो, अर्धा सेकंद चालू आणि अर्धा बंद. आपला ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू आणि पाऊण बंद. सेटिंगमध्ये देश म्हणून भारत निवडला की हे दुखणं बहुधा जातं. तरीही गेलं नाही, तर लाइन सुटताना तारांची ध्रुवता उलटवणारी सोय टेलिफोन कंपनीकडून मागून घ्यावी.

नव्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र आपण गमावतो, आणि तिच्याबद्दल कुणी सावध करत नाही. तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून मिळायची. माळशेज घाटाच्या पायथ्याशी पावसाळ्यात वीज गेली, तरी तार शाबूत असेल तोवर फोन लागायचा. इंटरनेट ज्यावरून येतं ते फायबर वीज वाहून आणत नाही. घरातली किंवा ऑफिसातली वीज गेली की फायबरची डबी, राउटर आणि गेटवे तिन्ही बंद, आणि त्यांच्यामागचा जुना धडधाकट फोनही मुका. आरोग्य केंद्र, शाळा, ग्रामपंचायत आणि रसायनं हाताळणारा कारखाना यांना ही जोखीम परवडणारी नाही. म्हणून फोन इंटरनेटवर नेताना खर्चाच्या अंदाजात या तिन्ही यंत्रांना आणि ईपीएबीएक्सलाही पुरेल असा यूपीएस धराच, आणि गेटजवळचा निदान एक फोन, तांब्याची लाइन चालू असेल तोवर, तिच्यावरच राहू द्या.