परसातला उकिरडा

कुर्ला-चेंबूर हा रेल्वेमार्ग मुळात माणसांसाठी नव्हता. १९०६ मध्ये तो घातला गेला तो मुंबईचा कचरा वाहून नेण्यासाठी. प्रवाशांसाठी तो खुला झाला त्यानंतर अठरा वर्षांनी, १९२४ मध्ये. म्हणजे चेंबूरला आधी शहराचा कचरा पोचला आणि मग शहराची माणसे. उपनगरांचा इतिहास आपण बहुधा लोकल गाड्या, सहकारी गृहनिर्माण संस्था आणि ग्रंथसंग्रहालये यांच्या अंगाने लिहितो. मला तो कचऱ्याच्या अंगाने वाचावासा वाटतो. रोजच्या जगण्यात कचरा कमी कसा करावा, या साध्या प्रश्नाचे उत्तर मला पर्यावरणावरच्या भाषणांपेक्षा या इतिहासात अधिक स्पष्ट दिसते.

साष्टीतल्या जुन्या गावठाणांत उकिरडा घराच्या मागेच असे. केरकचरा, शेण, राख, भाजीची देठे तिथे पडत आणि पावसाळ्याआधी त्याचे खत होऊन शेतात जाई. उकिरडा घाणीचा होता, पण परका नव्हता. शहराची रीत वेगळी होती. एकोणिसाव्या शतकात मुंबईतल्या सखल जागा शहराच्या केरानेच भरल्या गेल्या. १८९६ मध्ये प्लेग आला आणि वस्तीजवळची घाण लांब नेण्याची निकड सर्वांना पटली. लांब म्हणजे कुठे, तर शहराच्या हद्दीबाहेर, खाडीकाठच्या खाजणांत. १९२७ पासून देवनारला कचरा पडू लागला.

पुढे १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत बृहन्मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. कालपर्यंतचे ‘बाहेर’ आता ‘आत’ आले, पण कचऱ्याची दिशा बदलली नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस मुलुंडला, १९७२ मध्ये बोरिवलीजवळ गोराईला, शिवाय मालाडच्या चिंचोली बंदरला क्षेपणभूमी झाल्या. प्रत्येक उपनगराने आपला उकिरडा खाडीच्या कडेला ढकलला आणि त्या कडेला ज्यांना परवडेल तिथे राहावे लागले, ते त्याचे शेजारी झाले.

तरीही त्या काळातल्या मध्यमवर्गीय घरातून बाहेर पडणारा कचरा थोडाच असे. मुलुंडच्या आमच्या घरात रद्दी साठायची, जुने कपडे बोहारणीकडे जाऊन त्यांचे भांडे व्हायचे आणि उरलेल्या चिंध्यांची गोधडी. आरेची दुग्ध वसाहत १९४९ मध्ये गोरेगावला उभी राहिली. तिचे दूध काचेच्या बाटल्यांतून येई. केंद्रावर रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली हाती पडत नसे, म्हणून ती विसळून ठेवणे हे रोजचे काम होते. याला कुणी पर्यावरणरक्षण म्हणत नव्हते. वस्तू परत देण्याची सोय होती आणि न देण्यात तोटा होता, एवढेच त्यामागचे कारण. बाटलीची जागा प्लास्टिकच्या पिशवीने घेतली तेव्हा सवय मोडली, कारण सोयच मोडली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. नाले तुंबण्याची कारणे शोधताना याच पिशव्या पुढे आल्या.

या कथेतले सर्वांत बोलके पान घाटकोपरचे आहे. पूर्वेकडच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९७ च्या सुमारास महापालिकेच्या साथीने ओला आणि सुका कचरा वेगळा करायला सुरुवात केली. ओल्याचे खत, सुका कचरावेचकांना आणि रस्त्यावरची कुंडी नाहीशी. या प्रयोगातून महापालिकेची ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ योजना, म्हणजे ‘एएलएम’, आकाराला आली आणि अंधेरीपासून मुलुंडपर्यंत असे शेकडो गट झाले. त्याच सुमारास स्त्री मुक्ती संघटनेने कचरा वेचणाऱ्या स्त्रियांना खत करण्याचे आणि वर्गीकरणाचे प्रशिक्षण देऊन ‘परिसर विकास’चे काम उभे केले. उकिरडा पुन्हा परसात आला, आणि जिला चोर समजून फाटकाबाहेर ठेवले जाई ती बाई ओळखपत्र घेऊन सोसायटीत आली.

मग हे सगळीकडे टिकले का नाही? पुष्कळ गट कागदावर उरले. त्याचे दुखणे ठरलेले असे: घरात दोन डबे वेगळे ठेवावेत आणि खाली गाडीत ते एकत्र ओतले जावेत. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की दुसऱ्या दिवसापासून घरातला डबाही एकच होतो. आरेच्या बाटलीने शिकवलेलेच इथे पुन्हा दिसते. सवय माणसाची असली, तरी तिला धरून ठेवते ती व्यवस्था.

न टिकल्याची किंमत जानेवारी २०१६ मध्ये देवनारने दाखवली. मुंबईच्या कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. ढिगाखाली हवेविना कुजताना त्यातून मिथेन निघतो आणि वर प्लास्टिक, कागद असतोच. त्या आगीचा धूर शहरावर पसरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पाठोपाठ मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय होईपर्यंत नव्या बांधकामांना मनाई केली. केळ्याची साल आणि नवा फ्लॅट यांचे नाते पहिल्यांदाच इतके उघड झाले. ऑक्टोबर २०१७ पासून महापालिकेने मोठ्या संकुलांना आणि रोज शंभर किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितले. गोराईची क्षेपणभूमी २००७ मध्ये बंद झाली होती, मुलुंडची २०१८ मध्ये झाली. मुलुंडला सुमारे सत्तर लाख टन जुना कचरा मागे उरला. म्हणजे नवीन कचरा थांबवता येतो, जुना मात्र पुढची पिढी उपसत बसते.

उकिरड्याचीही दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपल्याकडे म्हण आहे. शंभरीला आलेल्या देवनारची अजून फिटलेली नाही, कारण तो कुणाच्याच परसातला नाही. या इतिहासातून मला घरासाठी हाती लागते ते थोडकेच आहे. ओले वेगळे ठेवावे, म्हणजे कागद कोरडा राहतो आणि भंगारवाला तो घेतो. ओले शक्यतो फाटकाबाहेर जाऊ देऊ नये. सोसायटीच्या कोपऱ्यात दोन खड्डे किंवा दोन पिंपे, एक भरताना दुसऱ्यातले खत होते. पिशवी घरून न्यावी. आणि पाचवी गोष्ट, जी जोशी लेनने केली आणि आपण टाळतो: सकाळी खाली उतरून गाडी वेगळा कचरा वेगळाच नेते आहे का ते पाहावे, नेत नसेल तर विभाग कार्यालयात जाऊन विचारावे. पहिल्या चार गोष्टी या पाचवीवर टिकतात.