उसनी साखर आणि उसने गाणे

गेल्या दिवाळीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मोबाइलवर शुभेच्छा धाडल्या आणि सोबत एक अख्खी कादंबरी! 'सर, फुकट मिळाली. जरूर वाचा.' उघडून पाहतो तो काय, कादंबरी माझीच! तिचे पानन् पान कोणा रसिकाने छायाचित्रे काढून गावभर वाटले होते, आणि हजार प्रतींच्या पहिल्या आवृत्तीचे गठ्ठे मात्र प्रकाशकाच्या माळ्यावर पडून होते.

छडी उगारावी असे मनात आले. पण घरातली जुनी पेटी आठवली. तीत मी तरुणपणी मित्रांच्या कॅसेटींवरून 'भरून घेतलेल्या' नाट्यगीतांच्या कॅसेटी आहेत. त्यांतल्या एकीचीही दमडी गायकाला पोचलेली नाही. मग छडी कोणावर उगारायची?

वाचकहो, घोळ इथेच आहे. शेजारणीला वाटीभर साखर उसनी दिली की आपल्या डब्यातली तेवढी कमी होते. गाणे दिले तर आपल्याजवळचे तसेच राहते! चोरी म्हणावी, तर कोणाचे काहीच नाहीसे झालेले नाही. मग गुन्हा तो कसला?

ह्या प्रश्नाचा मोठा खटला अमेरिकेत गाजला. सोनी कंपनीने घरच्या घरी दूरदर्शनवरचा कार्यक्रम टिपून ठेवणारे यंत्र काढले, तेव्हा चित्रपट कंपन्यांनी १९७६ साली तिला कोर्टात खेचले. निकाल लागला १९८४ मध्ये, तोही पाचाविरुद्ध चार मतांनी. कार्यक्रम सवडीने पाहण्यासाठी घरात टिपून ठेवणे हा गुन्हा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. मौज अशी की ज्या यंत्राच्या नावाने ह्या कंपन्यांनी बोटे मोडली, त्याच यंत्रासाठी चित्रफिती विकून पुढे त्यांनी रग्गड पैसा मिळवला.

पण घराचा उंबरठा ओलांडला की न्याय बदलतो. १९९९ साली शॉन फॅनिंग ह्या अठरा-एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने 'नॅपस्टर' नावाची करामत केली. तिच्यात गाणी साठवलेली नव्हतीच; ती ज्याच्या त्याच्या संगणकावर होती. कोणते गाणे कोणापाशी आहे, तेवढा पत्ता नॅपस्टर सांगे. 'मी चोर नव्हे, नुसता वाटाड्या,' असा एकंदर बचाव. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी दावा ठोकला. २००० मध्ये मेटॅलिका ह्या वाद्यवृंदाने तर आपली गाणी वाटणाऱ्या सुमारे ३ लाख ३५ हजार जणांच्या याद्या खोक्यांत भरून नॅपस्टरच्या दारात नेऊन टाकल्या! ते सारे त्यांचेच चाहते. आपल्या श्रोत्यांचीच यादी फिर्यादीसाठी करावी लागणे, ह्याहून कलावंताची दुसरी विटंबना कोणती?

२००१ च्या फेब्रुवारीत अपील न्यायालयाने स्पष्ट केले, की गाणे इतरांसाठी मांडून ठेवणारा वितरणाचा हक्क मोडतो आणि ते डाउनलोड करून घेणारा प्रत काढण्याचा. आणि वाटाड्या? आपल्या वाटेने काय चालले आहे हे ठाऊक असून जो रोखत नाही, तोही जबाबदार. त्या जुलैत नॅपस्टरचा गाशा गुंडाळला गेला. सोनीच्या यंत्राने माणूस स्वतःसाठी जपून ठेवत होता. नॅपस्टरवर तो लाखो अनोळख्यांना वाटत होता. सगळा फरक ह्या वाटण्यात आहे.

आपल्याकडे १९५७ चा प्रताधिकार कायदा आहे. जाणूनबुजून हक्क मोडणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्याच्या नफ्यासाठी केलेले नसेल, तर खास कारण नोंदवून न्यायाधीश शिक्षा कमी करू शकतात. खाजगी वापराला रास्त मर्यादेत मुभा आहे. पण संगणकावरच्या खेळांशी मुलांनी जपून वागावे, कारण संगणक-प्रणालीची चोरटी प्रत जाणूनबुजून नुसती वापरणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे.

मात्र कायदा हा हक्क आचंद्रसूर्य देत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याची कृती सर्वांची होते. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ १९४१ साली गेले. त्यांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला, तेव्हा १९९२ मध्ये ती दहा वर्षांनी वाढवली गेली. ध्वनिमुद्रणाचा हक्कही प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. अण्णासाहेब किर्लोस्कर वारले १८८५ साली. तेव्हा 'सौभद्रा'तले पद बालगंधर्वांच्या जुन्या तबकडीवरून खुशाल उतरवून घ्या, शेजाऱ्यांनाही वाटा! ते आता तुमचे-आमचे सर्वांचे आहे.

म्हणजे कायद्याचे म्हणणे एवढेच, की कष्ट करणाऱ्याचा काही काळ तरी आधी विचार करा. फराळाचे ताट शेजारी जरूर जावे. पण चकल्या तळणारीला विचारून.

विद्यार्थ्याला मी रागावलो नाही. माळ्यावरच्या गठ्ठ्यातली एक प्रत पाठवली आणि लिहिले, 'बाळ, ही वाच आणि मग हवी तर मित्राला उसनी दे. विकत घेतलेले पुस्तक उसने द्यायला कायद्याची आडकाठी नाही.'

उसने दिलेले पुस्तक परत कसे आणायचे, तेवढे मात्र कोणत्याच कायद्यात सापडले नाही!