अर्न मॅली : नसलेल्या कवीचे कर्तृत्व

१९४३ च्या अखेरीस ॲडलेडहून निघणाऱ्या 'अँग्री पेंग्विन्स' या नियतकालिकाचे तरुण संपादक मॅक्स हॅरिस यांना एथेल मॅली नावाच्या बाईंचे पत्र आले. भाऊ अर्न पंचविसाव्या वर्षी ग्रेव्हज् विकाराने वारला. गॅरेजमध्ये काम करणारा, पुढे विमा विकणारा हा भाऊ कविता लिहीत असे, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आपल्याला कवितेतले कळत नाही. यात काही दम आहे का, एवढेच बाईंना विचारायचे होते. हॅरिस भारावले. १९४४ मध्ये सिडनी नोलन यांच्या मुखपृष्ठासह अर्नचा विशेषांक निघाला.

त्याच वर्षी जूनमध्ये सिडनीच्या एका वृत्तपत्राने गौप्यस्फोट केला. अर्न नव्हता, एथेलही नव्हती. जेम्स मॅकॉली आणि हॅरल्ड स्ट्यूअर्ट या दोन कवींनी मेलबर्नच्या लष्करी कचेरीत बसून, त्यांच्या निवेदनानुसार एका दिवसात, हे सारे रचले होते. शब्दकोश, शेक्सपिअर, डासांच्या पैदाशीवरील अहवाल, जे हाताला लागले त्यातून ओळी उचलल्या होत्या. आधुनिकतावादी कवितेचे भोक्ते अर्थ आणि निरर्थक यांत भेद करू शकत नाहीत, हे त्यांना सिद्ध करायचे होते.

प्रयोग म्हणून मात्र ही रचना निर्दोष नाही. संग्रहातील पहिली कविता मॅकॉली यांनी पूर्वी गांभीर्याने लिहिलेली होती. शिवाय हॅरिस यांच्यापुढे केवळ कविता नव्हत्या. अकाली मृत्यू, अज्ञात प्रतिभा आणि बहिणीचे साधे, अडखळते गद्य त्यांच्यासोबत होते. कवितेला अर्थ नाही असे दाखवू पाहणाऱ्यांनी वाचकाला जिंकण्यासाठी कवीच्या चरित्राचा आधार घेतला. एथेलचे पत्र ही या प्रकरणातील सर्वांत सहेतुक, सर्वांत वास्तववादी कलाकृती होय.

दुसरा विपर्यास न्यायालयात घडला. १९४४ मध्येच ॲडलेडच्या न्यायालयात हॅरिस यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. रात्रीच्या उद्यानाचा उल्लेख आहे, तेव्हा तिथे अनैतिक व्यवहारच असणार, असा पोलीस साक्षीदाराचा तर्क होता. अगम्यगमनसूचक शब्दाचा अर्थ माहीत नसूनही त्याला त्यात असभ्यता दिसली. हॅरिस यांना पाच पौंड दंड झाला. ज्या ओळींना अर्थच नाही असे त्यांचे कर्ते सांगत होते, त्या ओळींना कायद्याने दंडनीय अर्थ बहाल केला; आणि तो दंड कर्त्यांनी नव्हे, वाचकाने भरला.

दोन वर्षांनी, १९४६ मध्ये, विमसॅट व बिअर्डस्ली यांनी लेखकाच्या हेतूवरून कृतीचे मूल्य ठरवण्यातील तर्कदोष दाखवला. १९६७ मध्ये बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली. मॅलीच्या कविता त्यानंतरही वाचल्या गेल्या. जॉन ॲशबेरी व केनेथ कॉख यांनी १९६१ मध्ये सहलेखनाचा नमुना म्हणून त्या पुनर्मुद्रित केल्या. १९९१ च्या पेंग्विन संकलनात ट्रँटर व मीड यांनी त्यांना स्थान दिले. परंतु हा आधुनिकतावादाचा विजय मानणे घाईचे ठरेल. आज या कविता निखळ संहिता म्हणून कोणी वाचत नाही. फसवणुकीची कथा त्यांच्या प्रत्येक ओळीला चिकटलेली असते. खोटे चरित्र गळून पडले, तिथे खरे चरित्र आले. लेखक नाहीसा झाला तरी त्याची जागा रिकामी राहत नाही, हा या प्रकरणाचा धडा. आणि तो मॅकॉली, हॅरिस व बार्थ या तिघांनाही सारखाच अडचणीचा आहे.